दहावी ओळ कुणी लिहायची?

हा पिरॅमिड तुमच्या फोनवर एकदा तरी आलेला असणार.

१ × १ = १
११ × ११ = १२१
१११ × १११ = १२३२१
११११ × ११११ = १२३४३२१

असं करत करत तो नवव्या ओळीवर येतो. नऊ एक गुणिले नऊ एक:

१२३४५६७८९८७६५४३२१

मग खाली हात जोडलेले इमोजी. ‘गणिताचं सौंदर्य’, ‘हा निव्वळ योगायोग असू शकत नाही’, ‘पुढे पाठवा’. आमच्या यवतमाळच्या फॅमिली ग्रुपवर हा मेसेज वर्षातून दोनदा येतो. पोलीस भरतीच्या क्लासच्या ग्रुपवर येतो, शाळेच्या माजी विद्यार्थ्यांच्या ग्रुपवर येतो. ‘गणिताची जादू’ या नावाने त्याची रीलही निघते, पार्श्वसंगीतासकट.

या लेखात मला या नऊ ओळींची समीक्षा करायची आहे. कवितेची करतात तशीच. कारण माझ्या मते मराठीत सध्या सगळ्यांत जास्त वाचल्या जाणाऱ्या गणिती मजकुरांपैकी हा एक आहे. पाठ्यपुस्तक परीक्षेपुरतं उघडलं जातं. हा मेसेज माणसं आपणहून वाचतात, आणि आवडीने. एवढा वाचला जाणारा मजकूर काय सांगतो, काय सांगत नाही आणि कुठे थांबतो, हे कुणीतरी पाहायला हवं.

काय जमलंय

आधी श्रेय. मजकूर म्हणून हा पिरॅमिड उत्तम आहे. एकही शब्द नाही, तरी वाचणाऱ्याला पुढच्या ओळीची ओढ लागते. पहिली ओळ काहीच सांगत नाही. दुसरी ओळ आपल्या आजोबांच्या पिढीला तोंडपाठ होती, कारण त्यांची अकरकी तिथूनच सुरू व्हायची. तिसऱ्या ओळीला शंका येते, चौथीला खात्री पटते. पाचव्या ओळीचं उत्तर वाचणारा स्वतःच मनात लिहून टाकतो. लिहिणाऱ्याने काहीही न सांगता वाचणाऱ्याकडून अंदाज काढून घेणं ही मोठी गोष्ट आहे.

शेवटची संख्याही तशीच देखणी. सतरा अंकी, डावीकडून वाचा की उजवीकडून, सारखीच. भास्कराचार्यांनी ‘लीलावती’त एक, दश, शत पासून परार्धापर्यंत अठरा स्थानांची नावं दिली आहेत. त्यांतलं सतरावं स्थान ‘मध्य’. म्हणजे ही संख्या जुन्या हिशेबात ‘मध्य’ या घरात राहते, आणि तिचा स्वतःचा मध्य ९ आहे. हा मात्र खरंच योगायोग आहे. पण छान आहे.

माझी तक्रार तीन गोष्टींबद्दल आहे. या मजकुरात कारण नाही, नाव नाही आणि दहावी ओळ नाही.

कारण

कारण सांगायला एक मिनिटही लागत नाही. शाळेत करायचो तसा उभा गुणाकार मांडा. ११११ ला ११११ ने गुणताना प्रत्येक ओळीत ११११ च येतं, फक्त दर वेळी एक घर डावीकडे सरकून:

एकक स्थानाच्या स्तंभात एकच १ येतो. दशकाच्या स्तंभात दोन १. शतकाच्या स्तंभात तीन, हजारच्या स्तंभात चार. त्याच्या डावीकडे जिना उतरायला लागतो: तीन, दोन, एक. बेरीज १२३४३२१.

संपलं. १, २, ३, ४ हे आकडे म्हणजे त्या त्या स्तंभात किती एक उभे आहेत याची मोजदाद. नऊ एक घेतले की मधल्या स्तंभात नऊ जण उभे राहतात, म्हणून शिखरावर ९.

हे कळल्यावर चमत्कार कमी होतो का? माझा अनुभव उलटा आहे. कारण माहीत नसताना ही संख्या फक्त बघता येते. कारण कळलं की तिला प्रश्न विचारता येतात, आणि ही संख्या भरभरून उत्तरं देते.

तिचे मूळ अवयव पाहा. नऊ एकांची संख्या म्हणजे ३ × ३ × ३७ × ३३३६६७. म्हणून तिचा वर्ग म्हणजे ३ चा चौथा घात, ३७ चा वर्ग आणि ३३३६६७ चा वर्ग यांचा गुणाकार. आता तिच्या अंकांची बेरीज करा: १ पासून ९ पर्यंत चढायचं आणि परत उतरायचं, एकूण ८१. आणि ८१ म्हणजे ३ चा चौथा घात. म्हणजे या सतरा अंकी संख्येला तिच्याच अंकांच्या बेरजेने नि:शेष भाग जातो. भागाकार येतो १५२४१५७८९९७१०४१, आणि तोही पूर्ण वर्ग आहे, १२३४५६७९ चा.

पिरॅमिडच्या बाकीच्या ओळींना हे जमतं का? तपासून पाहिलं. नऊ ओळींपैकी फक्त पहिली, तिसरी आणि नववी यांनाच जमतं. दुसरीत १२१ च्या अंकांची बेरीज ४, भाग जात नाही. पाचवीत बेरीज २५, आणि संख्येच्या शेवटी १, प्रश्नच नाही. म्हणजे दिसायला एकसारख्या असलेल्या नऊ ओळी आतून एकसारख्या नाहीत. हा फरक पिरॅमिडच्या चित्रात कुठेच दिसत नाही.

कारणाचा आणखी एक उपयोग माझ्या धंद्यातला. ब्राउझरचा कन्सोल उघडून जावास्क्रिप्टमध्ये नऊ एक गुणिले नऊ एक करा. उत्तर येईल १२३४५६७८९८७६५४३२०. शेवटी शून्य! जावास्क्रिप्टची साधी संख्या ९००७१९९२५४७४०९९१ पर्यंतचेच पूर्णांक बिनचूक सांभाळते. त्याच्या पुढे या टप्प्यात तिला फक्त सम संख्याच धरता येतात. एक्सेल पंधरा अंक ठेवतं आणि शेवटी दोन शून्यं लावून मोकळं होतं. पायथन बरोबर उत्तर देतं. आता समजा, हातात फक्त जावास्क्रिप्ट आहे. ज्याला नमुना माहीत आहे त्याला ते शून्य पाहून संशय येईल. ज्याला कारण माहीत आहे त्याला खात्री असेल की मशीन चुकलं, कारण विषम गुणिले विषम सम होऊच शकत नाही आणि एकक स्थानाच्या स्तंभात एकच १ उभा आहे.

नाव

‘पुढे पाठवा’वाल्या मजकुरात लेखक नसतो. पण या संख्यांना नाव आहे, आणि ते नाव एका मराठी माणसाने ठेवलंय. १, १२१, १२३२१ या मालिकेला दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर यांनी डेम्लो संख्या म्हटलं, आणि या देखण्या शाखेला ‘वंडरफुल डेम्लो’ म्हटलं. डेम्लो हे तेव्हाच्या जी. आय. पी. रेल्वेवरचं, मुंबईपासून तीसेक मैलांवरचं स्टेशन. तिथे त्यांना ही कल्पना सुचली. आजचं डोंबिवली ते हेच, असं सांगितलं जातं. म्हणजे जिथे रोज लाखो लोक दारात लटकायला जागा शोधतात, तिथे एका माणसाला संख्येची एक नवी जात सापडली. आमच्याकडे शकुंतला चालत होती तेव्हा असा कुणी प्रवासी त्या गाडीत असता, तर आज गणितात ‘दारव्हा-मोतीबाग संख्या’ असती.

कापरेकरांचा जन्म १९०५ साली डहाणूचा. शाळा ठाण्यात, कॉलेज पुण्याचं फर्ग्युसन. १९२७ मध्ये रँग्लर परांजपे यांच्या नावाचं गणिताचं पारितोषिक. १९२९ ला मुंबई विद्यापीठाची बी. एस्सी. नंतर १९३० पासून १९६२ मध्ये निवृत्त होईपर्यंत नाशिकजवळच्या देवळालीत शाळामास्तर. पुढची पदवी नाही. स्वतःच्या अंकांच्या बेरजेने भाग जाणाऱ्या संख्यांना ‘हर्षद’ हे नाव त्यांचंच. आपली सतरा अंकी संख्या हर्षद आहे हे वर आलंच.

कापरेकरांवरचा मजकूर आपल्याकडे येतो तो मात्र एका ठरावीक साच्यात. ‘एक साधा मराठी शिक्षक, कुणी दखल घेतली नाही, मग अमेरिकेतल्या मासिकाने घेतली.’ मार्टिन गार्डनर यांनी मार्च १९७५ च्या ‘सायंटिफिक अमेरिकन’मधल्या आपल्या सदरात त्यांच्यावर लिहिलं, हे खरं आहे आणि महत्त्वाचंही. पण या साच्यात गोष्ट दखलीची होते, गणिताची राहत नाही. रील संपल्यावर बघणाऱ्याला अभिमान वाटतो, आणि संख्येबद्दल त्याला काहीही कळलेलं नसतं.

६१७४ चंही तेच. चार अंक घ्या, सगळे सारखे नकोत. उतरत्या क्रमाने मांडलेल्या संख्येतून चढत्या क्रमाने मांडलेली वजा करा, येणाऱ्या उत्तरावर पुन्हा तेच करा. जास्तीत जास्त सात वेळा केल्यावर ६१७४ येतं. कापरेकरांना हे १९४६ मध्ये सापडलं, १९४९ मध्ये मद्रासच्या गणित परिषदेत त्यांनी ते मांडलं. रीलमध्ये मात्र हे ‘शास्त्रज्ञांनाही न उलगडलेलं गूढ’ असतं. गूढ कसलं? पहिल्या वजाबाकीचं उत्तर फक्त दोन फरकांवर ठरतं: सर्वांत मोठा आणि सर्वांत लहान अंक यांतला फरक, आणि मधल्या दोन अंकांतला फरक. या दोन फरकांच्या शक्य जोड्या ५४. वहीची दोन पानं घ्या, चोपन्न ओळी लिहा, सिद्धता तयार. आठवीतली मुलगी एका रविवारी करू शकेल अशी गोष्ट आपण तिला ‘गूढ’ म्हणून विकतो, आणि मग ती करायला बसत नाही.

हार्डींचा आक्षेप

इथे एक वजनदार आक्षेप आडवा येतो. तो टाळून पुढे जाणं बरोबर नाही.

जी. एच. हार्डी, रामानुजन यांना केंब्रिजला बोलावणारे गणिती. १९४० मध्ये आलेल्या ‘अ मॅथेमॅटिशियन्स अपॉलॉजी’ या पुस्तकात त्यांनी अशा आकड्यांच्या गमतींबद्दल लिहिलंय. त्यांनी उदाहरण दिलं ८७१२ आणि ९८०१ यांचं. ८७१२ म्हणजे २१७८ ची चौपट, ९८०१ म्हणजे १०८९ ची नऊपट. उलट लिहिलेल्या स्वतःच्या पटीत असलेल्या चार अंकी संख्या या दोनच. हार्डींचं मत असं की हे कोड्यांच्या सदरात शोभतं, गणितीला त्यात घेण्यासारखं काही नाही. सिद्धता सोपी असते आणि तिच्यातून पुढे काही निघत नाही.

आक्षेपातला खरा काटा पुढे आहे. हे गुणधर्म संख्येचे की तिच्या लिखाणाचे? आपल्याला दहा बोटं आहेत म्हणून आपण दहाच्या पायावर लिहितो. तीच संख्या कॉम्प्युटरच्या द्विमान पद्धतीत लिहिली तर तो देखणा डोंगर उरत नाही. ३, ३७, ३३३६६७ हे अवयव मात्र कुठल्याही पद्धतीत तेच राहतात, आणि पूर्ण वर्ग असणंही. म्हणजे अवयव हा संख्येचा स्वभाव; डोंगर हा तिचा पोशाख.

हा आक्षेप मला अर्धा मान्य आहे. पिरॅमिड जसा फिरतो तसा, कारणाशिवाय आणि नऊ ओळींचाच, तो खरोखर पोशाखाचं कौतुक आहे. पण डेम्लोची कल्पना तेवढीच नाही. आठच्या पायावर लिहा: सात एकांचा वर्ग १२३४५६७६५४३२१ येतो. कुठलाही पाया घ्या, त्याच्यापेक्षा एकाने कमी इतके एक घ्या, डोंगर उभा राहतो. म्हणजे दहा बोटांशी याचा संबंध फक्त उंचीपुरता. खरा नियम स्तंभात उभ्या असलेल्या एकांचा आहे, आणि तो सगळ्या पायांना लागू होतो.

शिवाय कापरेकर देखण्या ओळींवर थांबले नव्हते. १९३८ मध्ये ‘मॅथेमॅटिक्स स्टुडंट’मध्ये वंडरफुल डेम्लोंवर त्यांचं टिपण आलं, आणि १९३९ मध्ये के. आर. गुंजीकर यांच्यासोबत मुंबई विद्यापीठाच्या नियतकालिकात लेख आला. त्याच्या शीर्षकात ‘थिअरी’ हा शब्द आहे. डेम्लोची व्याख्याही रूपापेक्षा व्यापक आहे: संख्येचे डावा, मधला, उजवा असे तीन भाग करा, डावा आणि उजवा यांच्या बेरजेत तोच अंक पुन्हा पुन्हा यावा, जो मधल्या भागात आहे. १६५ घ्या: १ आणि ५ मिळून ६. २५५३ घ्या: २ आणि ३ मिळून ५, मधे दोनदा ५. ४७७७३ घ्या: ४ आणि ३ मिळून ७. यांत डोंगर कुठेच दिसत नाही. आता आपली सतरा अंकी संख्या: डावीकडे १२३४५६७८, मधे ९, उजवीकडे ८७६५४३२१. बेरीज ९९९९९९९९. ती देखणी आहे म्हणून डेम्लो नाही. ती डेम्लो आहे, आणि योगायोगाने देखणीही आहे.

दहावी ओळ

आता मुख्य तक्रार. दारव्ह्याला माझी एक चुलत बहीण आहे, नववीत. तिने हा पिरॅमिड पाहून मला एकच मेसेज केला: “दादा, दहावी ओळ कामून नाही यात?”

ग्रुपवर इतकी वर्षं मोठमोठी माणसं हात जोडत होती; हा प्रश्न तिचा एकटीचा. सॉफ्टवेअरमध्ये आम्ही एखादं फंक्शन तपासायला घेतलं आणि त्याच्या टेस्ट फक्त १ ते ९ साठीच लिहिलेल्या दिसल्या, तर पहिला प्रश्न हाच असतो: दहाला काय होतं? जिथे टेस्ट थांबवली आहे तिथेच बहुतेक वेळा काहीतरी असतं.

दहा एक गुणिले दहा एक:

१२३४५६७९००९८७६५४३२१

डोंगर कोसळला. उलटीकडून वाचली तर सारखी नाही. मधे दोन शून्यं. डाव्या बाजूने ८ गायब. अंकांची बेरीज ८२, आणि ८२ ही सम, ही संख्या विषम, म्हणजे हर्षदही नाही. एकोणीस अंक झाल्यामुळे ‘लीलावती’तली अठरा नावंही अपुरी पडली, परार्धाच्या पलीकडे ही जाऊन बसली. पिरॅमिड करणाऱ्याने ही ओळ का टाळली ते लगेच समजतं. फोटो बिघडतो.

मधल्या स्तंभात आता दहा एक उभे आहेत. दहा एका घरात मावत नाहीत. ० लिहायचा आणि हातचा एक. शेजारच्या घरात नऊ होते, हातचा मिळून दहा. पुन्हा ० आणि हातचा एक. त्याच्या डावीकडे ८ होता, त्याला हातचा मिळाला, तो ९ झाला. तिथे हातचा संपला. म्हणजे ८ कुठे गेलाच नव्हता. शेजाऱ्याचं ओझं घेऊन तो ९ झाला, एवढंच.

आता हीच मोडलेली संख्या दोन तुकड्यांत कापा. उजवीकडचे दहा अंक एकीकडे, उरलेले दुसरीकडे:

१२३४५६७९० आणि ०९८७६५४३२१

यांची बेरीज करा. वही घ्या, खरंच करा.

११११११११११.

दहा एक. जिचा वर्ग केला होता तीच संख्या परत आली.

या गुणधर्मालाही नाव आहे: कापरेकर संख्या. ४५ चा वर्ग २०२५, आणि २० अधिक २५ म्हणजे ४५. म्हणून ४५ ही कापरेकर संख्या. २०२५ साली हा मेसेजही भरपूर फिरला. २९७ चा वर्ग ८८२०९, आणि ८८ अधिक २०९ म्हणजे २९७. तशीच ७०३. या यादीत दहा एकांची संख्या बसते. नऊ एकांची बसत नाही.

म्हणजे एका माणसाने नाव दिलेल्या एका प्रकारचं रूप जिथे मोडतं, त्याच घरात त्यानेच नाव दिलेला दुसरा प्रकार उभा आहे. पिरॅमिडवाले नेमके त्याच्या एक पायरी आधी थांबतात.

असं का होतं? दोन ओळींची सिद्धता आहे, सोबत चालत या. दहा एकांच्या संख्येतून १ वजा करा: ११११११११११०... नाही, इतके एक डोळ्यांनी मोजत बसू नका. नऊ एक आणि शेवटी शून्य. अंकांची बेरीज नऊ, म्हणून तिला ९ ने भाग जातो, भागाकार १२३४५६७९०. हाच तो डावा तुकडा, ८ नसलेला.

आता कुठल्याही संख्येचा वर्ग म्हणजे ती संख्या, अधिक ती संख्या गुणिले तिच्यापेक्षा एकाने लहान संख्या. आपल्याकडे लहान संख्या आहे ९ × १२३४५६७९०. आणि दहा एक गुणिले ९ म्हणजे दहा नऊ, म्हणजे दहा अब्जांना एक कमी. तेव्हा वर्ग = दहा एक + १२३४५६७९० × (दहा अब्ज वजा १). कंस सोडवा: १२३४५६७९० दहा घरं डावीकडे सरकते, आणि उजवीकडे उरतं दहा एक वजा १२३४५६७९०, म्हणजे ९८७६५४३२१. एक तुकडा जेवढा डावीकडे गेला, तेवढाच उजवीकडून कमी झाला. मग दोघांची बेरीज दहा एक येणारच होती.

सगळं काम केलं ते एका गोष्टीने: एक कमी केल्यावर उरणाऱ्या एकांची संख्या नऊ आहे. ती नऊच्या पटीत असली की पुरे. म्हणून एकोणीस एकांची संख्याही कापरेकर संख्या आहे, अठ्ठावीस एकांचीही, सदतीस एकांचीही. यादी कधीच संपत नाही. हार्डी म्हणाले होते, अशा गमतींतून पुढे काही निघत नाही. इथे एका मोडलेल्या ओळीतून अनंत ओळी निघाल्या.

थांबण्याची सवय

एवढ्याशा मेसेजवर इतकं कशाला, असं कुणी म्हणेल. त्याचं उत्तर मला आमच्या जिल्ह्यातल्या अभ्यासिकांमध्ये दिसतं. यवतमाळ, पुसद, वणी, दारव्हा, कुठेही जा. सकाळी सातपासून मुलं-मुली बसलेली असतात. भिंतीवर ‘शॉर्ट ट्रिक’चे तक्ते. वर्ग काढायची ट्रिक, घनमूळ काढायची ट्रिक, अकराने गुणायची ट्रिक. त्या मुलांना मी दोष देत नाही. जागा थोड्या, अर्ज अफाट, आणि एका प्रश्नाला मिनिटसुद्धा मिळत नाही. ट्रिक त्यांना लागतेच.

पण प्रत्येक ट्रिक कुठेतरी मोडते, आणि बहुतेक वेळा हातच्यापाशीच मोडते. अकराने गुणायची ट्रिक घ्या: दोन अंकांच्या मधे त्यांची बेरीज लिहा. ३४ × ११ म्हणजे ३७४. झकास. ७८ × ११ ला मात्र बेरीज १५ येते, हातचा येतो, आणि ज्याला ट्रिकचं कारण माहीत नाही तो ७१५८ लिहून मोकळा होतो. खरं उत्तर ८५८. ट्रिक शिकवणारा ३४ चं उदाहरण देतो. परीक्षा घेणारा ७८ चं विचारतो. पिरॅमिड हे या शिकवण्याचंच सजवलेलं रूप आहे. नमुना दिसला की टाळी वाजवा, मोडायच्या आधी थांबा.

मला खटकतं ते हे थांबणं. आपल्या भाषेत गणितावर लोकांना आवडेल असं लिहिणं कमी नाही. पण त्यातलं बरंचसं टाळीपाशी थांबतं. वाचणाऱ्याला पुढचं झेपणार नाही असं त्यात गृहीत धरलेलं असतं. दारव्ह्याच्या नववीतल्या मुलीला दहावी ओळ हवी होती. तिला वरची सिद्धता मी फोनवर सांगितली. दोन ठिकाणी तिने थांबवलं, एकदा वही आणायला गेली, आणि शेवटी विचारलं की एकोणीस एकांचे तुकडे कुठे कापायचे. याचं उत्तर तुम्हालाही काढता येईल: उजवीकडून एकोणीस अंक मोजा.

कापरेकरांकडून काही घ्यायचं असेल तर ते हेच. त्यांनी संख्यांना गोड नावं दिली, हर्षद म्हटलं, स्टेशनचं नाव दिलं. पण नाव देऊन ते थांबले नाहीत, व्याख्या केली, मग व्याख्येच्या मागे गेले. त्यांना ‘आकड्यांचा जादूगार’ म्हणणं मला म्हणूनच पटत नाही. जादूगार पडद्यामागचं दाखवत नाही. हा माणूस बत्तीस वर्षं शाळेत फळ्यासमोर उभा होता.

तेव्हा पुढच्या वेळी तो पिरॅमिड आला, तर डिलीट करू नका आणि नुसते हातही जोडू नका. खाली दहावी ओळ लिहा, मोडकी दिसते तशीच, दोन शून्यांसकट. तिच्याखाली दोन तुकडे आणि त्यांची बेरीज लिहा. कुणीतरी विचारेल, अकराव्या ओळीला काय होतं? ती आहे १२३४५६७९०१२०९८७६५४३२१. तिचे तुकडे कापून पाहा. अकरा एक येत नाहीत. का येत नाहीत, हे आता तुम्हाला सांगता येईल.